सात खणांची वळकटी

आमच्या घरात दोन गोष्टींना विचारल्याशिवाय हात लावायची सोय नव्हती, एक आईचा देव्हारा आणि दुसरी तात्यांची हत्यारं. देव्हारा स्वयंपाकघरात पूर्वेच्या भिंतीला होता, आणि हत्यारं पडवीत, तात्यांनी फौजेतून येताना आणलेल्या हिरव्या लाकडी पेटीत. तात्या म्हणजे माझे वडील. फौजेत ते गाड्यांच्या वर्कशॉपात हवालदार होते आणि पेन्शनीत आल्यावरही त्यांनी हवालदारी सोडली नव्हती. फक्त हाताखाली आता जवानांच्या ऐवजी मी एकटी होते. पाना वापरून झाला की पुसायचा आणि तोंड डावीकडं करून पेटीत ठेवायचा. तिकडं आईची पळी उजव्या हाताला आणि घंटा डाव्या हाताला. दोघांच्याही शिस्तीत तसूभर फरक चालत नसे, आणि दोघंही एकमेकांच्या शिस्तीला हसायची.

गाव आमचं तासगावच्या अलीकडं, चहूबाजूंनी द्राक्षबागा. सकाळ झाली हे मला आवाजांवरून कळायचं. आधी उखळात शेंगदाण्याची चटणी कुटल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा, आणि मग पडवीतून तात्यांच्या मोटारसायकलीची किक. गाडी निळ्या टाकीची होती. कंपनीचं नाव सांगत नाही. त्या गाडीनं मला पुढं पुष्कळ वर्षं पोसलं, तिची चारचौघांत उणीदुणी काढणं बरं नाही. पण खोड एक होती. ती पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायची आणि प्लगवर काजळी धरायची. पहिली किक ऐकली की आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणायची, "आज न्हाई व्हायची चालू. घसा बसलाय तिचा." तात्या बाहेरून म्हणायचे, "तू भाकरी बघ." आणि गाडी खरोखरच चालू व्हायची नाही. आईला हे कसं कळतं असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आईला सगळंच कळतं असं ज्या वयात वाटतं ते वय माझं सरलं होतं, आणि तिला काहीच कळत नाही असं वाटायच्या वयात मी होते.

सांगलीत नर्सिंगचा कोर्स पुरा करून मी आले आणि मला आमच्याच भागातल्या उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. पाच गावं आणि डोंगराच्या कडेकडेनं विखुरलेल्या वस्त्या. एस. टी. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, तीही मोठ्या रस्त्यानं. लसीची बर्फाची पेटी खांद्याला लावून वस्तीवर चालत जायचं तर पोचेपर्यंत बर्फाचं पाणी व्हायचं. तात्या म्हणाले, "गाडी घे." चालवायला त्यांनी मला सोळाव्या वर्षीच शिकवली होती, खळ्यावर, गोल गोल.  तिसऱ्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, "रस्त्यात बंद पडली म्हंजे?"

"दुरुस्त करीन."

"आन् न्हाई झाली म्हंजे? मग कुनाला तरी हाक मारशील. त्यो यील, चालू करून दील. दुसऱ्या दिवशी पाराव बसून सांगंल, सिस्टरची गाडी मी चालू केली. आन् तिसऱ्या दिवशी काय काय सांगंल ते देवाला ठावं." मग तिनं भाताचा घास तसाच ताटात ठेवला आणि मला एक गोष्ट सांगितली. लग्न होऊन नुकती आली होती तेव्हा तासगावच्या बाजारात तिची एस. टी. चुकली. ओळखीतल्या एका माणसाच्या बैलगाडीत बसून ती गावात आली, एवढंच. त्यावर बायका वर्षभर पाणवठ्यावर बोलत होत्या. तिनं ते रडून सांगितलं नाही, मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं सांगितलं. "म्हणून माझी एक शर्त हाय. ज्या दिवशी रस्त्यात परक्या गड्याला हाक मारशील, त्या दिवशी ही गाडी पडवीत उभी ऱ्हाईल. मग बदली घे न्हाई तर नोकरी सोड. कबूल?"

मी लगेच कबूल म्हणाले. विशीत होते, गाडीसाठी मी काहीही कबूल केलं असतं. पण आईची शर्त म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. माझी आई खोटं बोलत नसे. दारावर नको असलेला पाहुणा आला तरी "घरात न्हाईत म्हणून सांग" असं तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही. जे बोलली ते ती करणार होती, आणि मला ही नोकरी जिवापाड हवी होती. त्यामुळं गाडीबरोबर कुठली हत्यारं न्यायची हा माझ्यासाठी नुसता हत्यारांचा प्रश्न राहिला नाही.

तात्या मला घेऊन सांगलीला गेले. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीच्या प्रत्येक मापाचा एकेक नट काढून रुमालात बांधला होता. दुकानाच्या फळीवर त्यांनी तो रुमाल सोडला तेव्हा दुकानदार म्हणाला, "हवालदार, गाडी घरी हाय, का सगळीच रुमालात बांधून आनलीया?" मी मात्र वरच्या फळीवरच्या एका पेटीकडं बघत होते. आत लाल मखमलीचं अस्तर आणि त्यात चढत्या क्रमानं लावलेली वीस-बावीस चकचकीत हत्यारं. मला ती पेटी इतकी आवडली की मी ती न विचारताच खाली काढायला लावली. तात्यांनी झाकण उघडून नीट बघितलं. "लय देखनी हाय," ते म्हणाले. "तुझ्या लग्नात रुखवतावर मांडू." मग त्यांनी त्यातला एकेक पाना काढून आमच्या नटांवर बसवून दाखवला. बाविसांतले चार बसले. बाकीचे कुठल्या गाडीचे होते कुणास ठाऊक, आमच्या गाडीचे नव्हते.

मग पाने सुटे घेतले. प्रत्येक पाना नटावर बसवायचा, कानाशी नेऊन हलवायचा आणि ऐकायचं. "खुळखुळला की त्यानं नट खाल्ला समज," तात्या म्हणायचे. दुकानदार कंटाळला, त्याचा चहा आला आणि संपला, दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, आणि हवालदार आपले कानाशी पाना हलवतायत. मला तेव्हा लाजच वाटली. आज वाटतं की एखादी वस्तू घेताना इतकं मन लावणारा माणूस मी नंतर फारसा बघितला नाही. परवा माझ्या नातीनं साताऱ्याहून फोनवर एका संचाचा फोटो पाठवला. ती मैत्रिणींबरोबर मोटारसायकलवरून हिमाचलात निघाली आहे. संचात छत्तीस नग आहेत, वर एक विजेरी आणि एक होकायंत्रसुद्धा. "आजी, घेऊ का?" म्हणून विचारत होती. मी तिला म्हटलं, आधी गाडीचे नट रुमालात बांध. तिला वाटलं, आजीचं वय झालं.

परत येताना तात्यांनी बागांच्या कडेला गाडी थांबवली. "आता बघ, रस्ता तुला काय काय देतोय. मांडवाची तार हाय, सुतळी हाय, दगूड हाय, पाणी हाय, चिंध्या हायत. मग ते पिशवीत कशाला वागवायचं? रस्ता जे देत न्हाई तेवढंच बरोबर घ्यायचं." मी आजवर कुठंही प्रवासाला निघाले तरी सामान भरताना हेच वाक्य डोक्यात येतं, आणि त्यामुळं सुनेशी माझे खटके उडतात.

हत्यारं ठेवायची वळकटी आईनं शिवली. तात्यांच्याकडं जुन्या तंबूचं हिरवं कापड होतं, ते तिनं हातमशीनवर चार सुया मोडून शिवलं. सीटखालच्या जागेत मावेल अशी, म्हणून सातच खण असा तात्यांचा हुकूम. "सात?" आई म्हणाली. "बाईच्या पिशवीला सात खण कवा पुरल्यात?" पण तिनं सातच शिवले, वर गुंडाळून बांधायला तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची नाडी लावली. मग त्या सात खणांसाठी आमची महिनाभर भांडणं झाली. प्लग काढायचा लांब पाना आणि एक कोरा प्लग एका खणात, यावर दुमत नव्हतं. दुतोंडी पाने दोन खणांत गेले. पक्कड आणि दोन्ही बाजूंनी चालणारा स्क्रूड्रायव्हर एकात. पंक्चरचं सामान एकात. क्लचची वायर वेटोळं करून, तिच्या पोटात चेनचं एक लॉक. शेवटच्या खणात तात्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा घातला होता, प्लगची काजळी घासायला. मी तो काढला आणि तिथं दिव्याचा बल्ब ठेवला. कोरा प्लग जवळ असताना जुना घासत कशाला बसायचं, हा माझा विचार. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "पक्कं?" "पक्कं." "तुझी पिशवी," ते म्हणाले आणि पेपरचा तुकडा पेटीत परत ठेवला.

दर रविवारी परीक्षा असायची. तात्या गाडीत गुपचूप काहीतरी खोड करून ठेवायचे आणि पेरूच्या झाडाखाली दगडावर चहा घेत बसायचे. मी वळकटी उलगडायची, खोड शोधायची, काढायची. एकदा त्यांनी डोळ्यांवर पंचा बांधून मला प्लग बदलायला लावला. आई तेव्हा ओसरीत शेंगा फोडत बसलेली असायची आणि मान वर करून बघायचीही नाही. मी म्हणायचे, बघ, जमलं. ती म्हणायची, "अंगनात जमतंय. रस्त्यात जमलं म्हंजे खरं." साडीच्या आत मी तात्यांची जुनी खाकी पँट घालून निघायचे, सीटखाली वळकटी आणि तिच्यावर आईनं बांधून दिलेली चटणी-भाकरी. त्या भाकरीला ऑइलचा किंचित वास यायचा. सात-आठ महिने असे गेले. गाडी तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा मी ती एकटीनं चालू केली, आणि घरी येऊन ताठ मानेनं तसं सांगितलं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडं घटावर तळलेल्या गोड कडाकण्यांच्या माळा बांधतात, आणि नऊ दिवस घरात तळणीचा आणि तेलाच्या दिव्याचा असा मिळून एक वास असतो. तो दिवा विझू द्यायचा नाही, म्हणून नऊ दिवस आईच्या कनवटीला काड्यापेटी असायची. नवव्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा. विळे, खुरपी, कुदळी, बागेच्या छाटणीच्या कात्र्या, तात्यांची पेटी, आणि त्या वर्षी माझी वळकटी. पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ती उचलेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. छाटणीचे ऐन दिवस असूनही त्या दिवशी बागांत चिटपाखरू नसतं. दरवर्षी हत्यारांना गंध-कुंकू तात्या लावायचे, आई आरतीला यायची. पण त्या वर्षी कोरेगावला आत्याच्या यजमानांना बरं नव्हतं म्हणून तात्या तिकडं गेले होते. गाडी आणि वळकटी पूजेला घरी ठेवून मी सकाळी चालतच उपकेंद्रावर गेले होते. तेव्हा पूजा आईनं एकटीनं केली, आणि एकालाही वगळल्यासारखं होऊ नये म्हणून वळकटीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढून, तिला हळद-कुंकू कालवून लावलं, अक्षता वाहिल्या, आणि जिथली तिथं परत ठेवली. हे मला नंतर कळलं.

मी दुपारी घरी आले तर संपत नावाचा एक माणूस सायकल अंगणात टाकून धापा टाकत उभा. खिंडीपलीकडच्या वस्तीवरचा. "आवं सिस्टर, चला लौकर. मंडळीला पहाटंपासनं कळा हायत. पहिलटकरीन हाय. म्हातारी म्हनतीया, बाळ अडलंय." मी त्याला आडवाटेनं पुढं हो म्हटलं आणि बाळंतपणाची पिशवी घ्यायला आत गेले. गाडीला झेंडूची माळ होती, ती तशीच राहू दिली. पण वळकटी देव्हाऱ्यापुढं पाटावर होती, फुलांखाली. मी आईकडं बघितलं. तिनं नुसतं "पूजा हाय" म्हटलं असतं तरी मला बोलायला जागा नव्हती. वळकटीशिवाय गाडी नेली असती आणि ती बंद पडली असती तर शर्त आपोआप तिच्या बाजूनं लागली असती.

आईनं घटाला हात जोडले. "आई, लेकराची गोष्ट हाय," ती मोठ्यानं म्हणाली, "काय म्हनायचं ते मला म्हन, पोरीला म्हनू नगंस." आणि तिनं वळकटी पाटावरून उचलून माझ्या हातात दिली. मी निघाले तशी म्हणाली, "थांब. मी बी येते. पहिलटकरनीला धरायला बाईमानूस पायजे." नऊ दिवसांचा उपास, घरात पेटता दिवा, आणि माझ्या मागं गाडीवर ती तोवर एकदाही बसली नव्हती. शेजारच्या मगदूम काकू जैन, आमच्या घटाशी त्यांचा संबंध नाही, पण आईनं कुंपणावरून हाक मारली, "दिव्यात तेल घालाल का वो?" आणि त्या ओल्या हातानंच धावत आल्या. आई पदर खोचून माझ्यामागं एका अंगाला पाय सोडून बसली. एका हातात पिशवी आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर, इतका घट्ट की दोन दिवस वळ होता.

खिंडीचा चढ लागायच्या अलीकडं गाडी गुरगुरली, दोन आचके दिले आणि थांबली. मला काळजी वाटली नाही. खोड ओळखीची होती. वळकटी उलगडली, प्लग काढला, तो काजळीनं काळाठिक्कर. कोरा प्लग काढून बसवला, आवळला, किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. दहा, पंधरा, वीस किका मारल्या. घाम डोळ्यांत उतरला. एरवी त्या रस्त्याला दहा माणसं भेटतात, बागेतून कुणी ना कुणी "काय झालं?" म्हणून विचारतं. आज सगळ्यांची हत्यारं पूजेत आणि माणसं घरात. तात्यांनी सांगितलेली तार, सुतळी, दगड सगळं दोन्ही अंगांना होतं, आणि त्यातलं काही माझ्या उपयोगाचं नव्हतं. पलीकडच्या वस्तीवर एक पोरगी अडून पडली होती.

तेवढ्यात लांबून ट्रॅक्टरचा आवाज आला. ओढ्यावर धुऊन आणलेला, फुलं बांधलेला, वर चार-पाच गडी आणि टेपवर गाणी. मी त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. लाज सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात ती पोरगी नव्हती, शर्त होती. आई म्हणाली, "हाक मार."

"आई, पण शर्त..."

"शर्त माझी हाय न्हवं? ती पोरगी तिकडं कळा देतीया. हाक मार म्हनते!"

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले. "ओ दादा! ओ ट्रॅक्टरवालं! थांबा!" आयुष्यात इतक्या मोठ्यानं मी ओरडले नव्हते. गाण्याच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. ट्रॅक्टर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर एका बागेच्या वाटेला वळला आणि गेला. हाक तर मारून झाली होती, नोकरी गेली होती, आणि गाडीही तिथंच होती. मला रडू यायला लागलं.

रडत रडतच मी कोरा प्लग पुन्हा बाहेर काढला, उन्हाकडं धरला, आणि बघतच राहिले. जिथं ठिणगी पडायची त्या फटीत हळद-कुंकवाचा लेप वाळून दगड झाला होता, आणि त्यात तांदळाचा एक अख्खा दाणा अडकला होता. आईनंही बघितलं.  "एकाला बी वगळायचं न्हाई म्हनून लावलं गं," ती म्हणाली. मी तिच्यावर चिडायला हवं होतं. पण तो दाणा बघून मला रडता रडता हसू फुटलं, आणि माझं बघून तिलाही. आम्ही दोघी त्या ओसाड रस्त्यावर क्षणभर वेड्यासारख्या हसलो.

दाणा नखानं निघाला, लेप निघेना. स्क्रूड्रायव्हरचं टोक फटीत जाईना. पॉलिश पेपर घरी पेटीत होता, मीच काढून ठेवलेला. तेव्हा आईनं कनवटीची काड्यापेटी काढली. आतल्या काड्या पदराच्या टोकात बांधल्या आणि रिकामी पेटी माझ्यापुढं धरली. "ह्येच्या कडंवर घास. पेपर न्हाई घावला की तुझा बा ह्येच्यावरच घासतो." मी तोंड उघडं टाकून तिच्याकडं बघत होते. "बघतीस काय? ह्या कडंनं प्लगचं टोक घास. मग पेट्रोलात बुडीव, पदरानं पूस आन् वाळू दे. वल्ला बसवू नगंस, वल्ल्याला टिणगी येत न्हाई. अकरा वर्सं बघतीया मी वसरीतनं. तुमी दोघं समजताय म्हातारी शेंगा फोडतीया."

मी घासत होते आणि ती पेटीची कड संपली की दुसरी कड फिरवून देत होती. पेटीचा कागद ती हातानं फाडून, घडी करून फटीतून ओढत होती, मी सांगायच्या आधी. मग म्हणाली, "आधी बाहीरच टिणगी बघ." मी प्लग इंजिनाला टेकवून धरला, तिनं लुगडं सावरून हातानं किक दाबली, आणि फटीत निळी ठिणगी उडाली. ती माझ्या रविवारच्या सगळ्या परीक्षा माझ्याबरोबर देत होती, आणि माझ्यापेक्षा चांगल्या देत होती, हे मला तिथं कळलं. प्लग बसवला. पहिल्या किकेला गाडी खोकली. आईनं मान कलती केली. "घसा सुटला. आता हुईल." दुसऱ्या किकेला झाली. निघण्याआधी तिनं तो तांदळाचा दाणा रस्त्यावरून उचलला आणि काड्यांबरोबर पदरात बांधला, कारण तो पूजेतला होता.

वस्तीवर पोचलो तेव्हा संपतची म्हातारी दारातच उभी होती. पुढचं सगळं सांगत बसत नाही. चाळीसेक वर्षं मी तेच काम केलं आहे आणि ते ज्याचं त्याला माहीत. एवढंच सांगते की नाळेचे दोन वेढे बाळाच्या गळ्याभोवती होते. आई उशाशी बसून त्या पोरीला धरून होती आणि एकसारखी म्हणत होती, "झालं बघ, झालं बघ." मी वेढे सोडवले. मुलगी झाली, निळसर, आणि क्षणभर रडलीच नाही. मग रडली. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर काय, हा विचार मी त्या दिवशी मुद्दाम केला नाही. दिवेलागणीच्या आत आम्ही घरी आलो. दिवा तेवत होता, आणि मगदूम काकू त्याच्यासमोर वातीकडं डोळे लावून बसल्या होत्या.

रस्ताभर आई शर्तीबद्दल काही बोलली नव्हती. मीही विचारलं नाही. झोपताना मी मनात बदलीचा अर्ज लिहीत होते.

दसऱ्याला दुपारी तात्या कोरेगावहून आले. हत्यारांची पूजा उचलून झाली होती. त्यांनी सवयीनं वळकटी उलगडली, इन्स्पेक्शन म्हणून. जुना प्लग काळा, कोरा प्लग वापरलेला, त्याला हळदीचा पिवळा डाग. त्यांनी सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, ट्रॅक्टरपर्यंत. तिथं मी थांबले. तात्यांनी आईकडं बघितलं. ती पुरण वाटत होती.

"मग? हाक मारली का पोरीनं कुनाला?"

आईचा हात पाट्यावर थांबला. समोर घट होता, दसऱ्याचा दिवस होता. तिनं तात्यांच्या डोळ्यांत बघितलं. "न्हाई," ती म्हणाली. "कुनाला बी न्हाई मारली. मी हुते की संगं." आणि पुन्हा वरवंटा ओढायला लागली. माझ्या आईच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं. त्या एका शब्दावर माझी सगळी नोकरी उभी राहिली. त्या दिवशी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि सोनं द्यायच्या निमित्तानं मी पडलेही.

जेवणं झाल्यावर तिनं तंबूच्या कापडाचा उरलेला तुकडा काढला आणि वळकटीला आठवा खण शिवला, लहानसा, काड्यापेटी मावेल एवढा. हुकूम मोडला होता, तरी तात्यांनीच त्यात कोरी काड्यापेटी आणून घातली. ती वळकटी आजही माझ्याकडं आहे आणि नातीबरोबर ती हिमाचलात जाणार आहे. छत्तीस नगांचा संच तिनं शेवटी घेतला नाही.

पुढच्या खंडेनवमीला तात्या घरी होते, पण हत्यारांना कुंकू लावायला आईच बसली. थोड्या वेळानं तिनं मला देव्हाऱ्यापाशी हाक मारली. तिच्या एका हातात प्लग होता आणि दुसऱ्या हाताचं बोट कुंकवात बुडवलेलं.

"विजे, ह्येचं तोंड कंचं गं?" हसू दाबत तिनं विचारलं.

मी दाखवलं. तिनं प्लग उलटा फिरवला, त्याच्या पाठीला एक बोट लावलं, आणि काड्यापेटीला दोन.